खलास न म्हणणारे तांडेल

कुवेतमध्ये राहायचं आणि 'खलास' म्हणायचं नाही, हे एकदा करून पाहा. बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, ब्रेड घेतला, खलास. न्हाव्याने मानेवरचा टॉवेल झटकला, खलास. टॅक्सीवाल्याला उतरायची जागा दाखवायची, खलास. झालं, पुरे, ठीक आहे, कळलं, निघतो, जाऊ दे, एवढ्या सगळ्यांना मिळून इथे तो एकच शब्द चालतो आणि परक्या देशातून आलेला प्रत्येक जण तो पहिल्या आठवड्यात उचलतो. माझ्या मुलाला मराठीत धड 'पुरे' म्हणता येत नाही, पण खलास येतं.

तांडेल मात्र तो शब्द तोंडातून काढत नसत. आमच्या गल्लीतला मल्याळी बकालेवाला सामान भरून झालं की विचारायचा, "खलास?" हे म्हणायचे, "झालं." त्याला 'झालं' कळायचं नाही. तो आपला आणखी एक बिस्किटाचा पुडा पुढे करायचा. त्यामुळे तांडेलांच्या खोलीवर न मागवलेली बिस्किटं फार असत आणि आम्हाला चहाबरोबर ती खावी लागत.

तांडेल म्हणजे होडीवरचा म्होरक्या. रत्नागिरीच्या बाजूला समुद्रकाठच्या एका मोहल्ल्यात ते वाढले, मिसरूड फुटायच्या आधी होडीवर चढले, पुढे मोठ्या जहाजांवर गेले आणि शेवटी कुवेतला येऊन क्रेनला ओझी बांधून देण्याचं काम करू लागले. होडी सुटली तरी नाव राहिलं. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा क्रेनचं कामही मागे पडलं होतं. कुवेत शहराजवळच्या हवल्लीतल्या एका जुन्या इमारतीच्या तळघरात त्यांनी व्हिडिओ बनवण्याचा धंदा थाटला होता. विषय एकच, माणूस कसा बांधावा.

दचकू नका. निदान एवढ्यात तरी नको. जखमी माणसाला स्ट्रेचरला कसं बांधायचं, टाकीत बेशुद्ध पडलेल्याला दोरीने वर कसं घ्यायचं, उंचावर काम करणाऱ्याने पट्टा कुठे आवळायचा, असले व्हिडिओ ठेकेदारांना आपल्या कामगारांना दाखवावे लागतात. माझा नवरा मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनियर आहे. तो एक दिवस म्हणाला, "एक म्हातारा आहे, डोक्याने जरा हा आहे, पण त्याला एडिटिंग करणारं कोणीतरी हवंय. घरी बसून माझं डोकं खाण्यापेक्षा जाऊन बघ." लग्नाआधी पुण्यात मी तेच काम करत होते. गेले.

तळघरात एक गादी, दोन दिवे, एक कॅमेरा आणि छताच्या हुकांना टांगलेल्या दोऱ्या होत्या. नवी दोरी आली की तांडेल ती आधी भिजवत, गच्चीवर वाळवत आणि मग स्वतःच्या मानेवर घासून बघत. मान लाल झाली की दोरी बाद. बरेचदा बकालेवाल्याला त्यांची मान पाहून शंका यायची की हा म्हातारा कोणाशी तरी मारामारी करून आलाय. वेळ पडली तर दोरी कापायला गळ्यात बोथट टोकाची कात्री लटकवलेली असायची. ती त्यांनी कधी वापरलेली मी पाहिली नाही, पण नमाज सोडला तर ती गळ्यातून उतरतही नसे. रागीट होते. दिवा जरा हलला की दिव्याला शिव्या, कॅमेऱ्याची बॅटरी संपली की बॅटरी बनवणाऱ्या देशाला शिव्या. मला 'बाय' म्हणत, आणि मी त्यांना चाचा.

बांधला जाणारा माणूस नेहमी एकच, दशरथ. संगमेश्वराकडचा, पन्नाशीचा, काटकुळा, अंगात कायम निळा बॉयलर सूट. त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे आणि त्या हाताने त्याला चहाचा कपही नीट धरता येत नसे. पण गादीवर पडून राहण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. दिव्यांच्या उजेडात, दोऱ्यांत गुंडाळलेला, तो कधीकधी चक्क घोरायला लागायचा.

चित्रीकरणाची तांडेलांची एक रीत होती आणि तिच्यात तसूभर बदल खपत नसे. दोरी हातात घेऊन ते विचारत, "बांधू?" दशरथने तोंडाने "बांधा" म्हणायचं. नुसती मान हलवली तर तांडेल दोरी खाली ठेवून बसून राहत. मग बांधणं. प्रत्येक गाठीनंतर, "कसं हाय?" आणि सगळं बांधून झालं की सोडणं. जेवढ्या सावकाश बांधलं तेवढ्याच सावकाश, कॅमेऱ्यासमोर, शेवटच्या वेढ्यापर्यंत. अर्धा व्हिडिओ बांधण्याचा आणि अर्धा सोडण्याचा. ठेकेदार म्हणायचे, अहो, हे पुढचं कशाला, आमच्या लोकांना समजतं तेवढं. तांडेल ऐकायचे नाहीत. "निरगाठ बांधायला अक्कल लागत नाय," ते मला सांगत, "सुरगाठीला लागते. एक हिसका दिला की सुटली पाह्यजे."

शिवाय एक शब्द ठरलेला होता, फणस. बांधलेल्या माणसाने 'फणस' म्हटलं की हातातलं सोडून आधी गाठीला हात घालायचा. कारण विचारायचं ते नंतर, आणि सांगणाऱ्याला वाटलं तरच. फणसच का, तर ह्या मुलखात कामाच्या जागी चुकून फणस कोण बोलतंय, असं त्यांचं म्हणणं. एका रमझानात चित्रीकरण बघायला एक इजिप्शियन सुपरवायझर आला होता. तो फोनवर आपल्या बायकोशी मुलांच्या कंदिलांबद्दल बोलत होता. अरबीत कंदिलाला फानूस म्हणतात. आम्हाला काही कळायच्या आत तांडेलांनी झेप घेतली आणि दशरथला मधेच सोडून मोकळा केला. झोपमोड झाल्यामुळे दशरथ दिवसभर नाराज होता.

गाठ दिसली की त्यांचे हात स्वस्थ बसत नसत. आमच्याकडे पाडव्याला जेवायला बोलावलं होतं. श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून नळाला टांगलेलं. मी बाहेर पानं घेत होते, तेवढ्यात स्वयंपाकघरातून धप्प असा आवाज आला. चक्का सिंकमध्ये पडला होता आणि तांडेल मोकळं फडकं हातात घेऊन माझ्याकडेच रागाने बघत होते. "निरगाठ मारलीस तू, बाय," ते म्हणाले. त्या पाडव्याला आम्ही विकतची जिलबी खाल्ली.

खलासचं कारण मला दशरथने सांगितलं. तांडेल जुम्म्याच्या नमाजाला गेले होते आणि आम्ही दोघं चहा पीत होतो. मी सहज विचारलं, चाचांना त्या शब्दाचं एवढं वावडं का. तो आपल्या उजव्या हाताकडे बघून हसला.

"तुमाला म्हायती नाय, वैनी? तवा तांडेल क्रेनच्या यार्डात व्हते, तितं सराव चालला व्हता. बेशुद्ध मानूस टाकीतनं कसा काढायचा त्याचा. मी कुवेतला नवाच आलेलो. मला बांधून टाकीत सोडला, वर दोर ह्यांच्या हातात. खाली दोरी काखेत अशी रुतली, मी आपला वरडतोय, खलास, खलास. आपल्याकडं खलास म्हंजे काय? मेलो. आनि ह्यांना हितं इतकी वर्सं झालेली. ह्यांच्या कानाला आयकू आलं, झालं, ठीक हाय. हे वरनं बोलले, खलास. मी खालनं खलास, हे वरनं खलास. दोगं बोलत ऱ्हायलो. तवर हात गेला."

दोघंही रत्नागिरी जिल्ह्यातले. घरच्या भाषेतली शिवी जरी दिली असती तरी वाचला असता. मी विचारलं, "आणि तरी तुम्ही रोज त्यांच्याच हातून बांधून घेता?"

"तवा सोडलं नाय ना त्यांनी," दशरथ म्हणाला. "आता रोज सोडतात."

पुढे ठेकेदारांना कार्टूनचे व्हिडिओ मिळायला लागले. ते स्वस्त, कोणत्याही भाषेत, आणि कार्टूनमधल्या माणसाला सोडत बसावं लागत नाही. आमची कामं आटली. नमुना म्हणून आम्ही काही व्हिडिओ इंटरनेटवर टाकले होते, त्यांना मात्र प्रेक्षक वाढत चालले. मला आधी आनंद झाला. मग मी खालचे अभिप्राय वाचले. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं दशरथच्या मनगटांचं कौतुक करत होती. गाठींचं करत होती, तांडेलांच्या हातांचं करत होती. सुरक्षेबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. मी लॅपटॉप मिटला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी विसळली.

त्याच सुमारास परदेशातल्या एका बाईची अदबशीर ईमेल आली. तिचा असल्याच व्हिडिओंचा छोटासा धंदा होता. सगळं सज्ञान माणसांचं, राजीखुशीचं, असं तिने पहिल्याच वाक्यात लिहिलं होतं. तुमच्या हातांत जे आहे ते माझ्याकडे कोणाच्याच हातांत नाही, दर महिन्याला काही व्हिडिओ करून द्याल का, असं विचारत होती.

आता हे एका नमाजी म्हाताऱ्याला समजावून सांगायचं माझ्यावर आलं. मी सुरुवात केली, "चाचा, काही लोकांना बांधलेला माणूस बघायला आवडतं. काहींना बांधून घ्यायला. म्हणजे तसं."

"तसं म्हंजे?"

"तसं म्हणजे, तसं."

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "बाय, मी जहाजावर जग फिरलंय. कुठल्या बंदरात काय चालतं ते तू मना शिकवतेस?" मग बराच वेळ दोरीचं टोक बोटांत फिरवत बसले. "बांधून घ्यावंसं वाटतं त्या माणसाचा कोनावर तरी भरवसा हाय. त्यात गुन्हा कसला? न सोडनं, तो गुन्हा."

दशरथने एवढंच विचारलं, "मला उघडा करनार काय?"

"कापडाला हात लावायचा नाय," तांडेल म्हणाले.

"मग बघू देत. बघून कोन झिजतंय."

तर स्पष्टच सांगते. त्यानंतरचे काही महिने, कुवेतसारख्या देशात, हवल्लीच्या तळघरात, पाच वेळचे नमाजी तांडेल, संकष्टी न चुकवणारा दशरथ आणि सदाशिव पेठेत वाढलेली मी, असे तिघं मिळून दोरीने बांधलेल्या माणसांच्या शौकिनांसाठी व्हिडिओ बनवत होतो. व्हिडिओ तेच होते. तोच बॉयलर सूट, तेच बूट, तेच "बांधू?" आणि "बांधा". बघणारे तेवढे बदलले होते. तरी उद्या कोणी दार ठोठावलं असतं तर हा फरक पोलिसांना समजावत बसायला आम्हाला सवड मिळाली नसती, दोन दिवसांत विमानात बसवलं असतं. नवऱ्याला मी सांगितलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला. "तू उद्यापासून तिथे जायचं नाहीस," म्हणाला. मी दुसऱ्या दिवशी गेले. त्याबद्दल आमच्या घरात अजूनही कोणी बोलत नाही.

मला भीती वाटायची. पण खरं सांगायचं तर त्या बंद तळघरात मला जेवढं सुरक्षित वाटलं तेवढं कुवेतमध्ये दुसरीकडे कुठे वाटलं नाही. कोणी कोणाला न विचारता हात लावत नव्हतं.

मग त्या बाईची दुसरी ईमेल आली. सोडण्याचा भाग सुरू झाला की तिचे प्रेक्षक व्हिडिओ बंद करतात. तो भाग काढून टाकाल का? माणूस बांधलेला असतानाच चित्र संपावं. तसं जमलं तर ती वर्षभराचं काम द्यायला तयार होती, आणि जमणार नसेल तर तिला वाईट वाटेल, पण इथेच थांबावं लागेल. ह्या वेळीही भाषा अदबशीरच होती.

कंपनीचं लायसन्स नव्याने करून घ्यायचे दिवस जवळ आले होते. धंदा दिसला नाही तर लायसन्स नाही, आणि लायसन्स नाही तर दशरथचा इकामा नाही, म्हणजे त्याला इथे राहता येणार नाही. दशरथची मुलगी रत्नागिरीला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ती एकदा नर्स झाली की घर तिच्यावर, असा त्याचा साधा हिशेब. एक हात असा असलेल्या पन्नाशीच्या माणसाला दुसरीकडे कोणी उभं केलं नसतं, आणि हे तांडेलांना त्याच्याहून जास्त ठाऊक होतं.

ते दिवस वाईट गेले. तांडेल दिव्याला शिव्या देईनासे झाले. नुसते दोरीला गाठ मारत आणि सोडत बसायचे. एका शुक्रवारी सकाळी मला म्हणाले, "बाय, शेवट काप."

"चाचा, तुम्हीच म्हणाला होतात, न सोडणं हा गुन्हा."

"काप बोललो ना. दशरथाचं पोट माज्या मानेवर हाय. मना शिकवू नको."

मी कापलं. आदल्या आठवड्यात केलेला व्हिडिओ होता. शेवटच्या गाठीवर कात्री मारली आणि नमाजाची वेळ व्हायच्या आत तिघांनी मिळून तो पाहिला. पडद्यावर तांडेलांनी विचारलं, बांधू? दशरथ म्हणाला, बांधा. वेढे पडत गेले. शेवटी दशरथ आवळलेला, पाठीवर पडलेला, वर छताकडे बघतोय. एरवी इथे तांडेलांचे हात पुन्हा आत येतात आणि छातीवरची पहिली गाठ सोडतात. ते आले नाहीत. पडदा काळा झाला.

दशरथ काळ्या पडद्याकडे बघत राहिला. मी कापलेलं मला माहीत होतं, तरी मीही थांबले होते, आता हात येतील म्हणून. वरच्या मजल्यावर कोणाच्या तरी एसीचं पाणी टपटपत होतं.

मग दशरथ हळूच म्हणाला, "फणस."

तांडेल ताडकन उठले. त्यांनी विचार केला नसावा, हातांनीच केलं सगळं. ते दशरथच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसले आणि त्यांची बोटं त्याच्या छातीवर गाठ शोधायला लागली. तिथे बॉयलर सूटची बटणं होती फक्त. बोटं तशीच तिथे राहिली.

"तितं नाय, तांडेल," दशरथ म्हणाला. "इकाम्याचं सोडा. मला रिलीज द्या." इथले कामगार मालकाकडून मोकळं होण्याला रिलीजच म्हणतात. "माज्यापायी तुमी हे नका करू. पोरीचं मी बगतो काय ते."

मी तांडेलांना रडताना तेव्हा पाहिलं. आवाज नव्हता, नुसती दाढी ओली होत होती. शब्द म्हटल्यावर सोडायच्या आधी कारण विचारायचं नाही हा नियम त्यांनीच केलेला, त्यामुळे त्यांना काही विचारताही येईना. थोड्या वेळाने उठले, मला म्हणाले, "ती पिच्चर पुसून टाक, बाय. बाईला लिही, आमच्याकडं सोडल्याबिगर मिळत नाय." आणि नमाजाला गेले. इथला आठवडा रविवारी सुरू होतो. रविवारी कामगार कचेरी उघडल्यावर ते स्वतः दशरथला घेऊन गेले. मी पुष्कळ ओळखीच्यांकडे त्याच्यासाठी शब्द टाकून पाहिला. सगळ्यांनी आधी हाताचं विचारलं.

इथून घरी जाणाऱ्या माणसाचं खोकं तुम्ही विमानतळावर पाहिलं असेल. दूध पावडर, ब्लँकेट, अत्तराच्या बाटल्या, आणि बाहेरून दोरीचं जाळं, जागोजाग निरगाठी, रस्त्यात कोणी उघडू नये म्हणून. दशरथचं खोकं तांडेलांनी बांधलं. अर्धा दिवस लावला. शेवटी एकच गाठ ठेवली आणि तिचं टोक डावीकडे काढलं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, हे वाटेत सुटेल. तांडेल त्याच्याकडे बघत राहिले. शेवटी त्याने खोकं पट्ट्यावर ढकललं.

आत जाताना दशरथ मला म्हणाला, "वैनी, ह्यांना बिस्किटं नका खाऊ देऊ जास्ती. साखर हाय त्यांना." मला ते तोवर माहीत नव्हतं.

तळघर आम्ही रिकामं करत होतो तेव्हा माझ्या फोनवर दशरथचा व्हिडिओ आला. मी तांडेलांना हाक मारली. ते छताच्या हुकातली शेवटची दोरी काढत होते, खाली उतरून आले, चष्मा शोधला. त्याच्या घराची पडवी होती. दशरथ लुंगीवर, समोर ते खोकं. फोन मुलीने धरला असावा, कारण त्याने कॅमेऱ्याकडे बघून विचारलं, "सोडू?" आणि मागून एका पोरीचा आवाज आला, "सोडा, बाबा."

दशरथने डाव्या हाताने टोक धरलं आणि एक हिसका दिला. सगळे वेढे एकदम सैल झाले आणि दोरी खोक्याच्या चारी बाजूंनी पडवीवर पडली. तेवढाच व्हिडिओ. बांधण्याचा भाग त्यात नव्हताच.

मुलीचं शेवटचं वर्ष दशरथच्या घरच्यांनी कसं काढलं ते मला नीट माहीत नाही. काढलं एवढं खरं, कारण ती आता मला पाडव्याला गणवेशातला फोटो पाठवते. पण त्या दिवशी हे काही ठाऊक नव्हतं. तांडेलांनी तो व्हिडिओ पुन्हा एकदा लावायला सांगितला. दोरी पडली तिथे त्यांचं बोट नकळत पडद्यावर टेकलं. मग चष्मा काढून त्यांनी फोन माझ्या हातात दिला, गळ्यातली कात्री काढून दोऱ्यांच्या खोक्यात टाकली आणि म्हणाले, "खलास."